मोत्याच्या रक्तात लपलंय कोण?

दोस्तांनो, एक कोडं घालू? ऐका हं!

पंख नाहीत, उडीही मारता येत नाही, तरी आपल्या मोत्या कुत्र्याला हमखास गाठते. कित्येक महिने उपाशी राहते. आणि एकदा जेवायला बसली की आठवडाभर पानावरून उठत नाही!

कोण बरं? डास? चूक! पिसू? अहं, पिसू तर टणाटण उड्या मारते. ढेकूण? तोही नाही!

हरलात? ही आहे गोचीड!

कुत्र्याच्या कानामागे खाजवताना बोटाला कधी मुगाएवढी गुळगुळीत गाठ लागली आहे? राखाडी रंगाची, टम्म फुगलेली? तीच ती. गावाकडे गाईगुरांच्या अंगावरही तिच्या बहिणी भेटतात. एखादा माणूस पिच्छा सोडत नसला की आपण म्हणतो ना, "गोचिडीसारखा चिकटलाय!" ते उगाच नाही.

आता गोचीड म्हणजे किडा, असं तुम्हाला वाटलं असेल. पाय मोजा पाहू. एक, दोन, तीन... आठ! कीटकांना असतात सहा पाय. म्हणजे गोचीड कीटक नाहीच! ती कोळी आणि विंचू यांच्या खानदानातली आहे.

पण थांबा, गंमत पुढेच आहे. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं गोचिडीचं पिल्लू पाहिलंत, तर त्याला पाय सहाच! उरलेले दोन पाय त्याला नंतर मिळतात. कसे? पोटभर जेवून, कात टाकून!

आणि तिचं नाक कुठे असतं, ओळखा. तोंडावर? नाही. तिचं वास घेण्याचं इंद्रिय असतं चक्क पुढच्या पायांच्या टोकाशी! तिथे एक इवलासा खड्डा असतो. त्याला म्हणतात हॅलरचं इंद्रिय. मोत्याच्या अंगाची ऊब, त्याच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, त्याचा वास, सगळं तिला या पायांनी कळतं. पुढचे पाय हवेत उंचावून ती अंदाज घेते. आला, आला, मोत्या आला!

जेवायला बसली की उठत नाही

गोचिडीचं तोंड जरा जवळून बघू या. अगदी जवळून, भिंगातून!

तिला दोन बारीक सुऱ्या असतात. त्यांनी ती मोत्याची कातडी कापते. मग आत खुपसते एक लांबट सोंड. या सोंडेवर दातेच दाते. आणि सगळ्या दात्यांची टोकं मागे वळलेली! म्हणून ती आत जाते सहज, पण ओढून काढायला गेलात की अडकते. एवढ्यावरही तिचं समाधान होत नाही. वर ती लाळेतून एक चिकट पदार्थ सोडते. तो घट्ट होतो आणि तोंड जागच्या जागी पक्कं बसतं!

मग मोत्या ओरडत का नाही? कारण तिची लाळ फार करामती आहे. तिच्यामुळे चावलेलं फारसं जाणवत नाही. रक्त गोठत नाही. मोत्याच्या शरीराला धोक्याची खबरही लवकर लागत नाही. बाई निवांत जेवत बसतात!

आपल्याकडच्या कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडते ती तपकिरी गोचीड. शास्त्रज्ञ तिला रिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणतात. नाव मोठं, पण उपाशी असताना ती जेमतेम ३ मिलिमीटरची! पोटभर रक्त पिऊन झालं की मादीचं वजन शंभरपटीच्या आसपास वाढतं. विचार करा, २५ किलोचा मुलगा जेवून उठला आणि वजन झालं २,५०० किलो!

मग ती टपकन खाली पडते, एखाद्या भेगेत शिरते आणि अंडी घालते. किती? दहा? शंभर? हजारो! एका मादीची अंडी ४,००० पर्यंतही जातात. अंडी घातली की ती मरून जाते. पण त्या अंड्यांतून सहापायी पिल्लं निघतात.

तपकिरी गोचिडीच्या आयुष्यात मोठी जेवणं फक्त तीन. पिल्लू असताना एक, आठपायी पोर झाल्यावर दुसरं आणि मोठी झाल्यावर तिसरं. पहिल्या दोन जेवणांनंतर ती खाली उतरते, भिंतीच्या फटीत बसून कात टाकते आणि पुन्हा नवा कुत्रा शोधते.

लक्षात आलं का? एका जेवणाला वाघ्या, दुसऱ्या जेवणाला मोत्या, तिसऱ्या जेवणाला टिप्या! इथेच सगळी गडबड होते. वाघ्याच्या रक्तात रोगाचे जंतू असले, तर ते जंतू गोचिडीच्या पोटात जातात. पुढच्या वेळी तिच्या लाळेतून ते मोत्याच्या रक्तात उतरतात. गोचीड चोर तर आहेच, पण चोरांना घेऊन फिरणारी गाडीसुद्धा आहे!

रक्ताची शाळा

जंतू आत शिरून करतात तरी काय? त्यासाठी आधी रक्त म्हणजे काय ते पाहू. चला, मोत्याचं रक्त म्हणजे एक भलीमोठी शाळा आहे असं समजू या.

या शाळेत तीन प्रकारची मंडळी काम करतात.

पहिल्या तांबड्या पेशी. या आहेत खाऊ वाटणाऱ्या मुली! फुप्फुसात जाऊन ऑक्सिजनचे डबे भरायचे आणि शरीराच्या प्रत्येक वर्गात पोचवायचे, हे त्यांचं काम.

दुसऱ्या पांढऱ्या पेशी. या शाळेच्या रखवालदार. कोणी अनोळखी शिरला की पकडायचा!

तिसऱ्या प्लेटलेट्स. ही कुंपण दुरुस्त करणारी टोळी. जखम झाली, कुंपणाला भोक पडलं की या धावत जातात आणि भोक बुजवतात. म्हणून तर खरचटल्यावर थोड्या वेळाने रक्त थांबतं.

शाळेचा पट केवढा असेल? तुमच्या पट्टीवर एक मिलिमीटर किती असतो ते बघा. तेवढंच लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच असं रक्ताचं थेंबुटं घ्या. निरोगी कुत्र्याच्या एवढ्याशा थेंबात तांबड्या पेशी असतात ५५ ते ८५ लाख! प्लेटलेट्स २ ते ५ लाख. आणि रखवालदार? साधारण ६ ते १७ हजारच.

आता जंतू शाळेत शिरले. प्रत्येकाची लपायची जागा वेगळी!

बॅबेसिया नावाचा जंतू शिरतो तांबड्या पेशींत. तिथे तो वाढतो, एकाचे दोन होतो आणि पेशी फुटते. खाऊ वाटणाऱ्या मुली कमी झाल्या तर काय होईल? वर्गावर्गांत उपासमार! मोत्या दमतो. त्याच्या गुलाबी हिरड्या फिकट पडतात. कधी लघवी गडद लालसर होते.

ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस नावाचा जीवाणू गाठतो प्लेटलेट्सना. म्हणजे दुरुस्ती टोळीलाच!

आणि सगळ्यांत धीट कोण, माहीत आहे? एर्लिकिया कॅनिस! हा जीवाणू लपतो थेट पांढऱ्या पेशींत. रखवालदाराच्याच खोलीत! जो चोर पकडणार, त्याच्याच पलंगाखाली चोर! याच्यामुळे ताप येतो, भूक जाते, प्लेटलेट्स कमी होतात. मग कुंपण दुरुस्त करायला कोणी उरत नाही आणि काही कुत्र्यांच्या नाकातून रक्त येतं.

कुत्रा पाळणारी मोठी माणसं या सगळ्याला मिळून एकच नाव देतात: टिक फीव्हर. पण आता तुम्हाला माहीत आहे, हा एक आजार नाही. ही आजारांची अख्खी टोळी आहे!

चावली गोचीड, की चावला मोत्या?

या टोळीत एक जंतू आहे एकदम निराळा. नाव हेपॅटोझून कॅनिस. १९०५ मध्ये जेम्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. कुठे? आपल्या भारतात! कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत त्यांना तो दिसला.

तो कुत्र्याच्या अंगात कसा जातो? "गोचीड चावते!" असं म्हणालात ना? फसलात!

गोचीड चावल्याने तो जात नाही. कुत्र्याने गोचीड खाल्ली की जातो! मोत्याला खाज सुटते. तो दातांनी अंग कुरतडतो. त्यात गोचीड तोंडात येते आणि जाते पोटात. झालं! जंतू आत!

भारताशी नातं असलेला आणखी एक जंतू आहे, बॅबेसिया गिब्सोनी. १९१० मध्ये पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याची माहिती छापली. हा जंतू सापडला मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि नंतर कोल्ह्यांच्या रक्तातही!

१२ की २६१?

आता सांगते ती गोष्ट नीट ऐका. मला ती सगळ्यांत भारी वाटते!

भारतातल्या किती कुत्र्यांच्या रक्तात हे जंतू असतील? शास्त्रज्ञांनी मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ भटक्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले.

आधी त्यांनी जुनी, साधी पद्धत वापरली. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरायचा. वाळवायचा. त्यावर रंग घालायचा. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पेशी बघत बसायचं. कुठे जंतू दिसतोय का?

५२५ पैकी किती कुत्र्यांत जंतू दिसले असतील? अंदाज करा.

फक्त १२! तेही एकाच प्रकारचे, हेपॅटोझून.

वा! म्हणजे बाकीची कुत्री ठणठणीत? थांबा, थांबा! शास्त्रज्ञ थांबले नाहीत. त्यांनी त्याच कुत्र्यांच्या रक्ताची दुसरी चाचणी केली, पीसीआर.

आणि आता आकडा आला २६१!

कुठे १२ आणि कुठे २६१! म्हणजे जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या रक्तात एक ना एक जंतू होता. दर १०० कुत्र्यांमागे साधारण ३० जणांत हेपॅटोझून, २० जणांत एर्लिकिया. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस आणि बॅबेसियाचा दुसरा एक भाऊबंद मिळाले थोड्यांत. आपला मद्रासवाला गिब्सोनी? तो अख्ख्या ५२५ मध्ये एकाच कुत्र्यात! आणि काही कुत्र्यांत तर एकाच वेळी दोन-दोन जंतूंचा मुक्काम होता.

पण सूक्ष्मदर्शकाला हे सगळे दिसले का नाहीत? आपली शाळा आठवा. लाखो मुलांच्या गर्दीत चार-पाच घुसखोर दडून बसलेत. तुम्ही दारातून डोकावलात तर सापडतील? मुळीच नाही!

पीसीआर काय करते? ती घुसखोराला शोधत फिरत नाही. ती त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स काढते! या प्रत्येक जंतूत डीएनए असतो. त्याच्यातला एक ठरावीक तुकडा फक्त त्याच जंतूचा असतो. तेच त्याचं ओळखपत्र. तो तुकडा नमुन्यात असेल, तर पीसीआर त्याच्या प्रती काढत सुटते. एकाच्या दोन. दोनाच्या चार. चाराच्या आठ. दहा वेळा दुप्पट केलं की १,०२४. वीस वेळा केलं की दहा लाखांच्या वर. आणि तीस वेळा? १०७ कोटी! वहीत करून बघा, पान पुरणार नाही! आता इतकी ओळखपत्रं झाली की घुसखोर लपणार कुठे?

कॅरी मलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला ही युक्ती १९८३ मध्ये सुचली. त्यासाठी १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. कोविडच्या साथीत सगळीकडे ऐकू येणारी आरटी-पीसीआर चाचणी याच युक्तीवर चालते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही ५२५ कुत्री रस्त्यावरची होती. त्यांच्यापैकी २७८ कुत्र्यांच्या अंगावर गोचिडी सापडल्या. तुमच्या घरच्या, नीट निगा राखलेल्या मोत्याला हाच आकडा लागू पडतो असं समजू नका हं! आकडा वाचला की आधी विचारायचं, "हा कुठल्या कुत्र्यांचा?" खरे शास्त्रज्ञ असंच विचारतात.

हसरा मोत्या, लपलेला जंतू

रक्तात जंतू असलेली कुत्री आजारी दिसतातच असं नाही. एर्लिकिया तर कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं गुपचूप बसून राहतो. कुत्रा खातो, पितो, शेपूट हलवतो, चेंडू आणून देतो. आणि त्याच्या रखवालदाराच्या खोलीत चोर आरामात झोपलेला!

अशा हसऱ्या कुत्र्याला गोचीड चावली की जंतू तिच्याबरोबर पुढच्या घरी निघाला. म्हणून हे आजार इतके पसरतात.

आणखी एक नवल सांगू? अंड्यातून निघालेल्या गोचिडीच्या पिल्लात एर्लिकिया नसतोच! आईकडून तो अंड्यात जात नाही. पिल्लाला तो मिळतो एखाद्या आजारी कुत्र्याचं रक्त प्यायल्यावर. म्हणजे गोचीड कुत्र्याला जंतू देते, आणि कुत्राही गोचिडीला देतो!

या जंतूने जगभर धुमाकूळ घातलाय. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याबरोबर कुत्री होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली शेकडो कुत्री आजारी पडली आणि कित्येक दगावली. कारण होतं एर्लिकिया.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर अगदी कालपरवाची. तिथे तपकिरी गोचीड होती, पण एर्लिकिया कॅनिस नव्हता. गाडी होती, चोर नव्हता! मग २०२० मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात तो तिथल्या कुत्र्यांत पहिल्यांदा सापडला. गाड्या तर तयारच होत्या. बघता बघता तो शेजारच्या प्रांतांतही पोचला.

गोचिडीने शिकवला धडा

गोचिडीने शास्त्रज्ञांना एक मोठी गोष्टही शिकवली आहे. अमेरिकेत गुरांना एक भयंकर ताप यायचा. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबॉर्न यांनी दाखवून दिलं की हा ताप पसरवते गोचीड! रक्त पिणारा एवढासा जीव रोग पसरवतो, हे तेव्हा लोकांना नवीनच होतं. त्यानंतर ४ वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. हिवतापाच्या डासाआधी गोचीड पकडली गेली बरं का!

आता तुमची पाळी!

जंतू शोधायला यंत्र लागतं, डॉक्टर लागतात. पण गोचीड? ती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते! बोटांना लागते! म्हणजे हे काम तुम्हालाही जमेल.

रोज संध्याकाळी मोत्याच्या अंगावरून सावकाश बोटं फिरवा. कानांच्या आत आणि मागे बघा. गळ्याच्या पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली, आणि हो, पायाच्या बोटांच्या मधे! तिथे तिला लपायला फार आवडतं. रोजच का? कारण चिकटल्यावर काही तासांतच ती एर्लिकिया मोत्याच्या रक्तात सोडू शकते. आठवड्यातून एकदा बघून भागत नाही.

गोचीड सापडली तर स्वतः उपटायची नाही. मोठ्यांना हाक मारायची. ते बारीक टोकाच्या चिमट्याने तिला अगदी कातडीलगत पकडतील आणि सरळ, सावकाश ओढतील. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. रॉकेल ओतायचं नाही, चटका द्यायचा नाही. नखावर चिरडायची तर मुळीच नाही, तिच्या पोटात जंतू असू शकतात! झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाकायची आणि साबणाने हात धुवायचे.

मोत्या जेवत नाही, अंग तापलंय, हिरड्या फिकट दिसतात, नाकातून रक्त येतंय? लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे! हे आजार वेळेवर कळले तर औषधांनी बहुतेक वेळा बरे होतात. गोचिडी दूर ठेवणारे थेंब, गोळ्या आणि पट्टेही मिळतात, पण कुठलं द्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

आणि मोत्याचं अंथरूण विसरू नका! अंगावर दिसतात त्या गोचिडी थोड्याच. बाकीच्या भिंतीच्या भेगांत आणि कोपऱ्यांत बसलेल्या असतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, कोपरे झाडायचे आणि भेगा बुजवायला घरातल्यांना सांगायचं.

मोत्याला जवळ घ्यायला मात्र घाबरू नका. कुरवाळल्याने त्याच्या रक्तातले हे जंतू तुमच्याकडे येत नाहीत. फक्त रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही. त्याच्या अंगावर गोचिडी दिसल्या, तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला कळवायला मोठ्यांना सांगा. तोही कुणाचा तरी वाघ्या किंवा टिप्याच आहे!

मग काय, करणार ना? मोत्याला बोलता येत नाही. "माझ्या कानात गोचीड आहे रे!" असं तो सांगणार तरी कसा? त्याच्यासाठी रोजची पाच मिनिटं काढा. आज संध्याकाळपासूनच सुरुवात करा!